'शून्य नोंदी' पासून पुढे: राज्यशास्त्राच्या नव्या संशोधकासाठी ग्रंथालयाची वाट

पीएचडीला प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ग्रंथालयातल्या संगणकावर 'जिल्हा परिषद' असं देवनागरीत टाईप केलं. उत्तर आलं, शून्य नोंदी. माझा विषय बीड जिल्हा परिषदेतल्या महिला सदस्यांचा. एवढ्या मोठ्या ग्रंथालयात यावर एकही पुस्तक नाही म्हणजे आपल्याला अगदी कोरा विषय सापडला, या आनंदात मी दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी संदर्भ विभागातल्या काकांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं, कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि तेच नाव इंग्रजी अक्षरांत, 'झेड'पासून सुरू करून टाकलं. नोंदींची पानंच्या पानं उघडली. "मॅडम, पुस्तकं आहेत. नोंदवणाऱ्याने ती कशी नोंदवली ते तुम्हाला ठाऊक नाही, एवढंच," असं म्हणून ते चहाला निघून गेले.

पुढच्या चार वर्षांत मला जे काही सापडलं ते बहुतेक याच वाक्याच्या आधाराने. 'माझ्या विषयावर काय आहे?' असं विचारलं की कपाट गप्प बसतं. 'हा कागद कोणी, कशासाठी तयार केला असेल आणि कुठल्या नावाखाली ठेवला असेल?' असं विचारलं की ते बोलायला लागतं. खालच्या पायऱ्या एमएचा लघुप्रबंध किंवा पीएचडी नुकती सुरू करणाऱ्यांसाठी आहेत. उदाहरणं माझ्या विषयातली, म्हणजे पंचायत राजची आहेत. तुमचा विषय पक्ष, आंदोलनं किंवा परराष्ट्र धोरण असला तरी वाट साधारण हीच.

सोबत काय हवं

- विद्यापीठाचं ओळखपत्र आणि ग्रंथालयाचं कार्ड. कार्ड काढताना फोटो, प्रवेशाची पावती आणि अनामत रक्कम लागते.
- विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याची तीन-चार शिफारसपत्रं. एकदाच करून घ्या. दुसऱ्या ग्रंथालयांत आणि सरकारी कार्यालयांत याशिवाय पान हलत नाही. पत्रात विषयाचं नाव हवंच.
- आधार कार्डाच्या दोन छायाप्रती.
- शिसपेन्सिल. जुन्या, दुर्मीळ कागदांजवळ शाईचं पेन चालत नाही.
- पेन ड्राइव्ह, आणि एक जाड वही. फोनवर फोटो काढायला सगळीकडे परवानगी नसते.

पाठीवरची बॅग दारातच टोकन घेऊन ठेवावी लागते. तेव्हा वही आणि पेन्सिल हातात राहील अशी साधी पिशवी बरी.

१. पहिला दिवस नुसता फिरण्यात घालवा

काही शोधू नका. देवघेव विभाग कुठे, संदर्भ विभाग कुठे, प्रबंध कुठल्या मजल्यावर, नियतकालिकांचे बांधीव खंड कुठे, सरकारी प्रकाशनं कुठे, एवढं पाहून या. सरकारी प्रकाशनं बऱ्याचदा सगळ्यात धुळकट कोपऱ्यात असतात आणि राज्यशास्त्राच्या माणसाचा खजिना नेमका तिथेच असतो. काही ठिकाणी कपाटं वाचकांना खुली नसतात, तिथे चिठ्ठीवर कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा जागा सांगणारा क्रमांक, लिहून द्यावा लागतो. चिठ्ठ्या दिवसातून किती वेळा उचलतात ते त्याच दिवशी विचारा. मी एकदा दुपारी दीडला चिठ्ठी दिली आणि पुस्तक दुसऱ्या दिवशी अकराला हातात पडलं.

२. एकच नाव पाच प्रकारे लिहून शोधा

ही पायरी मी लांबवणार आहे, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

ग्रंथालयाची ऑनलाइन सूची, म्हणजे ओपॅक, कोहा किंवा सोलसारख्या सॉफ्टवेअरवर चालते. सॉफ्टवेअर नवं असलं तरी आतल्या नोंदी तीस-चाळीस वर्षांत वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या असतात. मराठी पुस्तकांच्या नोंदी कुठे देवनागरीत, कुठे रोमन अक्षरांत, आणि रोमनमध्येही ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे. 'जिल्हा' हा शब्द जे-ने सुरू होऊ शकतो, झेड-ने होऊ शकतो, त्यात एक 'एल' असेल किंवा दोन, शेवटी 'एच' असेल किंवा नसेल. 'यशवंतराव' लिहिताना व्ही की डब्ल्यू, वाय-नंतर ए की ई? 'चव्हाण'चं तर विचारूच नका. त्यामुळे वहीत एक पान आखा. डावीकडे तुमचे दहा महत्त्वाचे शब्द, उजवीकडे त्यांची सुचतील तेवढी स्पेलिंगं. एकेक टाकून पाहा आणि ज्याने नोंदी आल्या त्याला खूण करा.

शब्दाचं मूळ ठेवून पुढे तारांकन (*) टाकलं, की बऱ्याच सूचींमध्ये त्या मुळापासून सुरू होणारे सगळे शब्द एकदम येतात. चालतंय का ते करून पाहा.

दुसरा सापळा बदललेल्या नावांचा. पूना आणि पुणे, बॉम्बे आणि मुंबई हे सुचतं तरी. पण १९५८ चा ग्रामपंचायतींचा कायदा मुळात 'मुंबई ग्रामपंचायत अधिनियम' होता, आता तो 'महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम' म्हणून ओळखला जातो. जुनी पुस्तकं पहिल्या नावाखाली, नवी दुसऱ्या. जिल्हा परिषदांच्या कायद्याची आणखी मजा. नावात १९६१ आहे, पण क्रमांक १९६२ चा पाचवा. कोणी वर्ष १९६२ लिहिलं असेल तर लगेच ती चूक समजू नका.

एक चांगलं पुस्तक सापडलं की त्याची पूर्ण नोंद उघडा. खाली विषयशीर्षकं दिलेली असतात आणि ती बहुधा इंग्रजीत असतात, उदाहरणार्थ 'लोकल गव्हर्नमेंट – इंडिया – महाराष्ट्र'. त्या ओळीवर क्लिक केलं की त्याच शीर्षकाखालची सगळी पुस्तकं येतात, मग त्यांची नावं कशीही लिहिलेली असोत. स्पेलिंगच्या जंजाळातून सुटायची ही सगळ्यात सोपी वाट.

३. कपाटांचे आकडे

पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायची ड्यूई पद्धत ग्रंथालयात असेल तर राज्यशास्त्र ३२० पासून सुरू होतं. ३२१ शासनप्रकार, ३२३ नागरी हक्क, ३२४ निवडणुका आणि पक्ष, ३२७ आंतरराष्ट्रीय संबंध, ३२८ विधिमंडळं. रंगनाथनांची द्विबिंदू पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात हेच सगळं इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षराखाली मिळेल.

पण फक्त ३२० च्या कपाटापुढे ठिय्या देऊन उपयोग नाही. संविधान आणि त्याचे कायदे ३४२ मध्ये आहेत, लोकप्रशासन ३५१ पासून पुढे. जात आणि वर्ग समाजशास्त्राच्या ३०५ मध्ये, तर महाराष्ट्राचा राजकीय इतिहास ९५४ मध्ये. पंचायत राजची जुनी पुस्तकं ३५२ वर एकत्र दिसतात, नवी मात्र इकडेतिकडे विखुरलेली. ड्यूईच्या आवृत्त्या बदलल्या तशी स्थानिक शासनाची जागाही बदलली, आणि जुन्या पुस्तकांच्या पाठीवरची चिठ्ठी कोण बदलत बसणार? तेव्हा सापडलेल्या पुस्तकाच्या डाव्या-उजव्या हाताची दहा-दहा पुस्तकं चाळायचीच. माझ्या प्रबंधातली दोन महत्त्वाची पुस्तकं मला सूचीत दिसलीच नव्हती, शेजारच्या फळीवर दिसली.

४. आधीचे प्रबंध

पुस्तकांच्याही आधी प्रबंध पाहावेत असं माझं मत आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा' हे प्रबंधांचं संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, लॉगिन लागत नाही. प्रबंध उघडला की थेट संदर्भसूचीच्या फाइलवर जा. तुमच्या विषयावर आधीच्या माणसाने चार-पाच वर्षं काय काय धुंडाळलं, त्याचा नकाशा आयता मिळतो.

अडचणी दोन. मराठी प्रबंधांची शीर्षकं तिथेही कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, म्हणजे स्पेलिंगचं पान पुन्हा काढायचं. आणि बरेच प्रबंध स्कॅन केलेले असतात, किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधून पीडीएफ केलेले. त्यात शब्द शोधला तर काहीच सापडत नाही, मजकूर कॉपी केला तर अगम्य अक्षरांचा ढीग. 'शोधलं, नाही मिळालं' असं ठरवू नका, अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचा.

प्रबंधातला आकडा मूळ कागद न पाहता उचलू नका. एका प्रबंधातली चूक पुढच्या तीन प्रबंधांत जशीच्या तशी उतरलेली मी पाहिली आहे, टंकलेखनाच्या दोषासकट.

५. नियतकालिकं

'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' हे मुंबईतून निघणारं साप्ताहिक तुम्हाला टाळता येणार नाही. ते या नावाने १९६६ पासून निघतं. त्याआधीचं, १९४९ पासूनचं, नाव 'इकॉनॉमिक वीकली'. महाराष्ट्र राज्य झालं तो काळ या जुन्या अंकांत आहे आणि ते अंक साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. 'इंडियन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्स' १९३९ पासूनचं आहे, जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर सापडतं.

जेस्टोरबद्दल एक सावधगिरी. तिथे अनेक नियतकालिकांचे अलीकडचे काही वर्षांचे अंक नसतात. 'गेल्या पाच वर्षांत यावर कोणी लिहिलंच नाही' असं वाक्य प्रस्तावनेत टाकायच्या आधी प्रकाशकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. तोंडी परीक्षेत हे वाक्य फार महागात पडतं.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारचं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना उघडी झाली. सेज, टेलर अँड फ्रान्सिस, ऑक्सफर्ड, केंब्रिज ही राज्यशास्त्राची नेहमीची मंडळी त्यात आहेत. तुमच्या संस्थेची नोंदणी आहे का आणि घरून वापरायचं लॉगिन कसं मिळतं, हे ग्रंथपालांना पहिल्या महिन्यातच विचारा. मी ते दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊन मग विचारलं, तेव्हा ग्रंथालयही बंद आणि लॉगिनही नाही. दिवाळीभर फराळ केला, वाचन शून्य.

मराठीसाठी 'समाज प्रबोधन पत्रिका', 'नवभारत' आणि १९४८ पासूनचं 'साधना' यांचे बांधीव खंड मागा. वार्षिक सूची असेल तर ठीक, नसेल तर एकेका अंकाचं मुखपृष्ठ पाहत बसायचं. आणि 'पैसे भरा, आठवड्यात छापतो' म्हणणाऱ्या नियतकालिकांतले लेख संदर्भाला घेऊ नका. आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे, तो फक्त नोंदणीचा आकडा आहे.

६. सरकारी कागद

समित्यांपासून सुरू करा. आपण सगळे अध्यक्षांच्या नावाने समिती ओळखतो, सूची मात्र अधिकृत नावाने. 'बलवंतराय मेहता समिती' शोधाल तर तिच्यावरची पुस्तकं येतील, १९५७ चा मूळ अहवाल कदाचित येणार नाही. तो 'सामुदायिक विकास प्रकल्प आणि राष्ट्रीय विस्तार सेवा यांच्या अभ्यासगटाचा अहवाल' अशा लांबलचक इंग्रजी नावाखाली असतो. वसंतराव नाईक समितीचा १९६१ चा अहवाल 'लोकशाही विकेंद्रीकरण समिती' म्हणून, आणि लेखकाच्या जागी 'महाराष्ट्र शासन'. मंडल आयोग म्हणजे 'दुसरा मागासवर्ग आयोग', फाजल अली आयोग म्हणजे 'राज्य पुनर्रचना आयोग'. अहवाल शोधण्याआधी त्याचं मुखपृष्ठावरचं नाव कुठल्या तरी चांगल्या पुस्तकाच्या संदर्भसूचीतून उतरवून घ्या.

विधिमंडळाची कार्यवाही विषयाने शोधू गेलात तर हरवाल. ती तारखेने शोधायची. आधी विधेयक राजपत्रात कधी प्रसिद्ध झालं ते पाहा. त्यासोबत 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, ते स्वतःच एक चांगलं साधन आहे. मग त्या अधिवेशनाचा खंड काढा. विधानसभा आणि विधानपरिषद दोन्ही पाहा, परिषदेतली चर्चा कित्येकदा जास्त सविस्तर असते. संसदेचं काम यापेक्षा सोपं आहे. लोकसभेच्या आणि संविधान सभेच्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत आहेत.

शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रत्येकाला एक लांब सांकेतांक असतो, त्याचे सुरुवातीचे आकडे वर्ष, महिना, दिवस असेच असतात. तो पूर्ण उतरवून ठेवा, पुन्हा शोधताना तोच कामी येतो. इथेही नावाचा घोळ आहेच. आज 'ग्रामविकास व पंचायत राज' असलेला विभाग काही वर्षांपूर्वी 'ग्रामविकास व जलसंधारण' होता.

निवडणुकांच्या आकड्यांत नवखा माणूस हमखास चुकतो. मीही चुकले. लोकसभा आणि विधानसभेचे निकाल भारत निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत, पहिल्या १९५१-५२ च्या निवडणुकीपासून, मिळतात. जिल्हा परिषदेचे मिळत नाहीत, कारण स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेतो तो राज्य निवडणूक आयोग. ७३ व्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेली ही वेगळी यंत्रणा आहे. मी तीन आठवडे चुकीच्या आयोगाचं संकेतस्थळ खणत होते. जुन्या निकालांसाठी शेवटी राजपत्र आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची निवडणूक शाखा गाठावी लागते. शिफारसपत्र इथे लागतं. महिलांचं आरक्षण २०११ मध्ये वाढून निम्म्या जागांपर्यंत गेलं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा कुठे माझ्या प्रबंधाला आकार आला.

मराठवाडा आणि विदर्भावर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १९५६ च्या आधी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि विदर्भ मध्य प्रदेशात. ज्या सरकारने कागद केला त्याच्याच दप्तरात तो बहुधा राहतो. बीडच्या जुन्या कागदांसाठी मुंबईकडे नव्हे, हैदराबादकडे पाहावं लागतं, आणि त्यातले बरेच उर्दूत असतात. उर्दू वाचणारं कोणी ओळखीत आहे का, ते विषय ठरवतानाच पाहा.

७. वर्तमानपत्रं

आवृत्ती पाहा. मराठी दैनिकांच्या जिल्हावार आवृत्त्या निघतात आणि ग्रंथालयात त्यातली एकच बांधून ठेवलेली असते. पुणे आवृत्तीच्या गठ्ठ्यात बीड जिल्हा परिषदेची बातमी सापडली नाही, याचा अर्थ ती छापून आली नव्हती असा नाही. ती मराठवाडा आवृत्तीत होती. मला ती मिळाली बीडच्याच एका सार्वजनिक वाचनालयात, रद्दीत जायच्या बेतात असलेल्या गठ्ठ्यात. पान पिवळं, कडा हातात तुटत होत्या. सभापतिपदाच्या निवडीची बातमी होती, सदस्याचं नाव मथळ्यात नव्हतं, 'यांच्या पत्नी' एवढंच होतं. हे वाक्य माझ्या तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात झालं.

संदर्भ देताना दैनिक, आवृत्ती, तारीख, पान हे चारही लिहा.

८. आपल्या ग्रंथालयाबाहेर

पुण्यात विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आणि १९३० साली स्थापन झालेल्या गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय ही दोन ठिकाणं चुकवू नका. गोखले संस्थेत जुने सरकारी अहवाल विशेष चांगले आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि १८९८ पासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. विधानभवनातल्या ग्रंथालयासाठी आधी परवानगी लागते. कुठेही जाताना आदल्या दिवशी फोन करा. वेळ, सुट्टी, छायाप्रतींचा दर आणि 'अमुक खंड जागेवर आहे का' हे चारही विचारा. मी एकदा सहा तासांचा एसटीचा प्रवास करून गेले आणि खंड बांधणीला गेलेला निघाला.

प्रवासाला पैसे नसतील तर मराठी विश्वकोश, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची ई-पुस्तकं आणि जिल्ह्यांची गॅझेटिअरं घरबसल्या मोफत आहेत. विश्वकोशातून संज्ञा पक्क्या करा, मात्र प्रबंधात त्याचाच आधार देत बसू नका.

९. त्याच दिवशी नोंद

हातात पुस्तक असतानाच लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पान, कॉल नंबर आणि ग्रंथालय लिहा. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी चांगलं आहे, देवनागरीही नीट घेतं. फक्त मराठी लेखकांचं आडनाव आणि नाव योग्य रकान्यात पडलंय ना ते पाहा, नाहीतर संदर्भसूचीत मधलं वडिलांचं नावच आडनाव होऊन बसतं. छायाप्रत काढाल तर मुखपृष्ठाची आणि त्यामागच्या पानाचीही काढा. माझ्याकडे आजही चाळीस पानांचा एक सुंदर गठ्ठा आहे, कुठल्या पुस्तकाचा ते देव जाणे.

काही सापडलं नाही तर तेही लिहा, तारखेसकट. 'अमुक खंड, अमुक ग्रंथालय, नाही.' सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच जाणार असता.

आणि अनामत भरल्याची पावती याच वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून ठेवा. प्रबंध सादर करताना ग्रंथालयाचा 'थकबाकी नाही' असा दाखला लागतो आणि अनामत परत मिळवायला पावती. माझी हरवली होती. बाँडवर प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाले, तोवर अर्ज द्यायचा शेवटचा दिवस उद्यावर आला होता. अनामत सोडून दिली आणि दाखला घेऊन पळाले.